वस्तू ज्याची, पुढची जागा त्याची

मनीरामचा एक किस्सा सांगितला की ऐकणारा हसतो, आणि हसून झालं की म्हणतो, "पण मास्तर, तो बैलांचा राहिलाच की!" बैलांचा सांगावा तर कुणाला पाटलांची खुर्ची आठवते. खुर्चीवरून देवरी निघते, देवरीवरून पेट्रोमॅक्स निघतो. असं करता करता चहा दोनदा होतो आणि ज्या कामासाठी माणूस आलेला असतो ते काम तसंच राहतं. माझ्या बायकोनं तर सक्त ताकीद दिली आहे, की पाहुण्यांसमोर मनीरामचं नाव काढायचं नाही! म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं तेव्हा मी सडक अर्जुनीजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर म्हणून गेलो. जिल्हा तेव्हा भंडारा. गोंदिया जिल्हा वगैरे पुष्कळ पुढची गोष्ट. दिवाळी झाली, धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, आणि रात्री नाटक होतं. नाटक नसेल तर ती मंडईच नव्हे. नट म्हणजे गावातलेच शेतकरी. आणि मास्तराला वाचता येतं, म्हणून मास्तर प्रॉम्प्टर! पडद्याआड कंदील आणि वही घेऊन बसायचं आणि ज्याचं वाक्य त्याला आतून सांगायचं. हे काम मी बारा वर्षं केलं.

आमचा हिरो मनीराम. पाच एकर धान, एक बैलजोडी, एक बायको. उंची बेताची, आवाज तिघांचा. आपण चुकून शेतकऱ्याच्या घरी जन्मलो, ही त्याची पक्की समजूत होती.

* * *

पहिली भेट चिखलात झाली. मी गावात येत होतो, वाट चुकलो. बांधाशेजारच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, एक माणूस गुडघाभर चिखलात बैल हाकत होता. मी विचारलं, "शाळा कुठं आहे हो?"

त्यानं बैल थांबवले, तोंडावरचा चिखल पुसला, एक हात कमरेवर ठेवला आणि मला नखशिखान्त पाहिलं.

"नवे मास्तर का जी? बरं झालं. मले चांगला वाचनारा मानूस पायजेच होता."

"कशाला?"

"तुमी मले वळखलं नाई?"

मी म्हटलं, नाही. त्याला वाईट वाटलं. स्वतःसाठी नव्हे, माझ्यासाठी!

"सडक अर्जुनीत कोनालेबी इचारा, नटसिंह कोन म्हनून."

पुढच्या बाजारी मी खरंच विचारलं. तिघांना माहीत नव्हतं. चौथा म्हणाला, "काऊन जी? सर्कस आली का?"

परत आल्यावर मी मनीरामला विचारलं, की बाबा, ही नटसिंह पदवी तुला दिली कोणी? तो म्हणाला, "कोनी देऊन नाई राहिलं म्हनूनच तं घ्या लागली!"

या नटसिंहाला दुःख एकच होतं, आणि ते तो लपवतही नसे. त्याची बायको भागरता त्याचं नाटक बघायला कधी आली नव्हती. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तिचा विरोध नव्हता, भांडणही नव्हतं. त्याची भाकर वेळेवर बांधून द्यायची, राजाचं धोतर स्वतः धुऊन द्यायची. पण यायची मात्र नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दिवसभर घरी पायतोच नं जी मास्तर. रातच्यालेबी तेच कायले पाहाचं?"

पडदा उघडायच्या आधी मनीराम पडद्याच्या भोकाला डोळा लावून बायकांची बाजू चाळायचा. मग माझ्याकडे वळायचा, "तुमाले दिसली का?" मी मान हलवायचो. मग तो छाती काढून एंट्री घ्यायचा. आमच्या प्रत्येक नाटकाची सुरुवात अशी होती. वहीत ती लिहिलेली नव्हती, एवढंच.

* * *

आता खुर्ची. आमच्या मंडळाकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. जमीन खोदून खड्डा करायचा, खड्ड्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून प्रेक्षक बसवायचे, आणि खोदलेल्या मातीचा ओटा झाला की तेच स्टेज! बाकी सगळं गावातून मागून आणायचं. राणीचं लुगडं एकीचं, पाळणा दुसरीचा, राजाची शाल तिसऱ्याच्या सासऱ्याची. वस्तूंची नासधूस व्हायला लागली तेव्हा पाटलांनी नियम केला, "वस्तू ज्याची, पुढची जागा त्याची. बसा आन् आपल्या चिजेवर नजर ठेवा."

तेव्हापासून पहिली रांग नाटक कमी आणि आपापली वस्तू जास्त बघायला लागली. हिरामण नावाचा आमचा एक गरीब स्वभावाचा गडी राणीचं काम करायचा. तो स्टेजवर आला की समोरून आवाज यायचा, "अवं माय, माहं लुगडं! पदर मातीत लोळवून राहिला मेला!" हिरामण बिचारा पदर खोचायचा आणि मग रडायला लागायचा.

सिंहासन म्हणजे पाटलांची हातांची सागवानी खुर्ची. गावात तशी एकच होती. राजाला राग येतो आणि तो सिंहासन लाथेनं उलटवतो, असा सीन होता. मनीरामची लाथ आमच्या बाजूला प्रसिद्ध होती. तालमीत त्यानं शाळेची दोन स्टुलं मोडली होती.

नाटकाच्या दिवशी पाटील पहिल्या रांगेत. मनीराम गरजला, मागे सरला, पाय उचलला. आणि पाटील बसल्या जागेवरून, आवाज न चढवता म्हणाले, "मनीराम, पाय खाली."

मनीरामचा पाय हवेत. मी वहीत बघतोय, वहीत काही नाही! तेवढ्यात तो त्याच राजेशाही आवाजात म्हणाला, "पण नाही! ज्या सिंहासनावर आमचे पाटील बसतात, त्याला लाथ मारणे या राजाला शोभत नाही!"

टाळ्यांनी खड्डा दणाणला. पाटील खूश. तिसऱ्या अंकात शत्रू येऊन तेच सिंहासन बळकावतो. त्या वेळी पाटलांनी शत्रूलाही सांगितलं, "हळू बस बा."

* * *

मनीरामला वाचता येत होतं, पण पाठ होत नव्हतं. हे तो कबूल करायचा नाही. "पाठांतर लहान नटाचं काम हाय," म्हणायचा. "मोठा नट अंगातून बोलते." अंगातून म्हणजे माझ्या तोंडातून! तरी चारचौघांत सांगायचा, "मास्तर बाकीच्यांसाठी बसते जी. माह्यासाठी नाई."

एकदा हे तो माझ्या शाळेतल्या पोरांच्या बापांसमोर बोलला. मला राग आला. मी ठरवलं, बघू तुझं अंग!

त्या नाटकात युद्धावर निघालेला राजा राणीचा निरोप घेतो. मनीराम एंट्री घेऊन मधोमध उभा राहिला आणि माझ्या वाक्याची वाट पाहू लागला. मी वही मांडीवर ठेवून स्वस्थ बसलो. त्यानं तलवार दोनदा आपटली, ही आमची खूण होती. मी गप्प. त्यानं पडद्याकडे बघितलं. मग आभाळाकडे बघितलं. मग हिरामणकडे बघितलं. हिरामण घाबरून रडायला लागला. तेही खरंखुरं!

खड्ड्यात चिडीचूप. मग एक म्हातारी हुंदका देऊन म्हणाली, "बोलवत नाई गा त्याले. बायकोले सोडून जाऊन राहिला नं!" आणि मागोमाग अर्ध्या खड्ड्यानं डोळ्यांना पदर लावला.

नाटक संपल्यावर मनीराम माझ्याकडे आला. मला वाटलं, आता भांडण. त्यानं माझा खांदा दाबला आणि म्हणाला, "मास्तर, तिथं दर खेपेला असंच चूप राहा. बाकी ठिकानी बोलत जा."

त्या गप्प बसण्याची कीर्ती पार चोरखमारा गावापर्यंत गेली. लोक बैलगाड्या जुंपून यायचे. "काई बोलत नाई म्हनते, नुसता उभा राहते!" सूड घ्यायला जावं आणि गड्याचं नाव व्हावं, तसं माझं झालं.

* * *

तर बैल. तालीम गावात महिनाभर चालायची, पण मनीरामची वर्षभर चालायची. पार्टाचा कागद पागोट्यात खोचलेला. घरी जेवताना वाचायचा, गोठ्यात वाचायचा, अंगणात भागरता सारवत असली की तिच्याभोवती फिरत वाचायचा. ती म्हणायची, "पाय उचला," आणि सारवत पुढे जायची. शेतात तर काय, मोकळं रान! नांगराचं तास अर्धं झालं की बैल थांबवायचे, कागद काढायचा, राजाच्या आवाजात एक भाषण ठोकायचं, आणि मग पुढचं तास. बैलांना सवय झाली. तो आवाज निघाला की बैल आपोआप उभे राहायचे आणि रवंथ करत भाषण संपायची वाट पाहायचे.

एका वर्षी त्यानं ही जोडी शंकरपटात उतरवली. पट म्हणजे बैलांची शर्यत. दोन छकडे, दोन जोड्या, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. आणि खरं सांगतो, मनीरामची जोडी सुटली ती बाणासारखी! दुसरी जोडी चार हात मागे. लोक ओरडायला लागले. पाटील पागोटं उडवत होते. मीसुद्धा धोतर सावरत पळत होतो.

एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर मनीरामला राहवेना. छकड्यावर उभा राहिला, एक हात वर केला आणि राजाच्या आवाजात ओरडला, "पाहा! पाहा हा पराक्रम!"

बैल जागच्या जागी उभे राहिले.

दुसरी जोडी शेजारून निघून गेली. मनीराम शेपट्या पिळतोय, हाका मारतोय, पण बैल हलायला तयार नाहीत. भाषण अजून संपलं नव्हतं ना! संध्याकाळी पाटील मला म्हणाले, "मास्तर, बैलायले पाठ झालं, मालकालेच नाई झालं."

मनीराम मात्र मजेत होता. "जिंकनाऱ्या जोडीकडे कोनी पाह्यलं का?" तो म्हणाला. "सगळं पब्लिक मलेच पाहून राहिलं होतं!"

* * *

आमचे पेटीवाले दुर्गाप्रसादजी गोंदियाचे. तिथल्या एका राइस मिलमध्ये कारकून, आणि मंडईच्या दिवसांत पेटी घेऊन आमच्याकडे. माणूस अतिशय सभ्य. बारा वर्षांत त्यांनी कुणाला अरे केलं नाही.

मनीराम पट्टी सांगायचा एक आणि गायचा दुसरीतच. दुर्गाप्रसादजी पेटीवर त्याच्या मागे मागे धावायचे. एका तालमीत मनीराम चिडून म्हणाला, "तुमची पेटी माह्या सुरात नाई येऊन राहिली!"

दुर्गाप्रसादजींनी भाता थांबवला, हात जोडले आणि म्हणाले, "मनीरामजी, आप गाते रहिए. सुर थक जाएगा तो खुद ही चला आएगा."

मनीरामनं ही तारीफ समजून पुढची तीन कडवी गायली.

* * *

देवरीकडच्या एका जंगलातल्या गावाचं बोलावणं आलं. आम्ही बसच्या टपावर पडदे, पेटी, मुकुट बांधून निघालो. बाहेरगावचं बोलावणं म्हणून मनीराम बसमध्ये पहिल्या सीटवर बसला, आणि कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा त्यानं आधी नाव सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "नाव नको, गाव सांगा."

तिथले बहुतेक लोक घरी गोंडी बोलणारे. पण नाटक शांतपणे पाहिलं त्यांनी, अगदी शेवटपर्यंत. मनीरामनं त्या दिवशी स्वतःला पिळून घेतलं. मरण्याचा सीन त्यानं इतका लांबवला की मी वहीत पुढचं पान शोधून ठेवलं, ते पुन्हा हरवलं.

सकाळी गावातले एक म्हातारे आम्हाला निरोप द्यायला आले. सगळ्यांना मोहाच्या पानांत बांधून गूळ-चिवडा दिला. मनीरामनं विचारलंच, "बाबाजी, काल कोनाचं काम पसंत पडलं तुमाले?" आणि आपण नम्र आहोत हे दाखवायला खाली बघत उभा राहिला.

म्हाताऱ्यानं जरा विचार केला आणि पेट्रोमॅक्स पुसत बसलेल्या माणसाकडे बोट केलं. "याचं. एकडावबी इझू नाई देला यानं."

आमच्यापैकी कुणी कुणाकडे बघेना. हिरामणनं तर तोंडात पदर कोंबला, म्हणजे पंचा. परतीच्या बसमध्ये मनीराम पहिली सीट सोडून माझ्याशेजारी येऊन बसला. गाडी सडकेला लागली तेव्हा एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "उजेड चांगला होता म्हंजे काय दिसलं त्यायले? मीच नं!"

* * *

छप्पन साली राज्य बदललं. आम्ही मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलो. आमच्या गावाला काय फरक पडायचा? धान तेच, चिखल तोच. पण मनीराम दुसऱ्या दिवशी न्हाऊन ओलं डोकं पुसत शाळेत आला.

"मास्तर, आता आपन मुंबईत."

"मुंबई राज्यात, मनीराम."

"थेच थे. आता सिनेमावाल्यायची काई अडचन नाई राहिली."

त्यानं मंडईच्या पोस्टरवर माझ्याकडून लिहून घेतलं, 'मुंबई राज्याचे नटसिंह मनीरामराव'. ही ओळ एवढी मोठी झाली की नाटकाच्या नावाला कागदावर जागाच उरली नाही. सडक अर्जुनीच्या मोटार स्टँडवर लोक विचारायचे, "हे कोनतं नाटक हाय?" मनीराम म्हणायचा, "हेच!"

मग गोंदियाच्या स्टुडिओत मुकुट घालून फोटो काढला आणि मुंबईच्या कुठल्याशा सिनेमा कंपनीला पाठवला. पत्र मीच लिहिलं. त्याच्या आग्रहावरून त्यात हेही लिहिलं, की धानाची मळणी असल्यामुळे डिसेंबरात येता येणार नाही. डाक बसनं यायची. तो चार महिने रोज बस गाठायचा. कंडक्टर लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून.

मला त्याचं वाईट वाटायला लागलं होतं. एका दिवशी मी समजूत घालायला म्हणून गेलो, तर हा मजेत बांध घालत होता. म्हणाला, "समजलं मले, मास्तर. त्यायच्याजवळ माह्या जोडीची हिरोईनच नसन."

आणि मग हळू आवाजात म्हणाला, "मुंबईचं सोडा. घरची एक आली नं पाहाले, तरी झालं."

* * *

माझ्या मुक्कामाचं अकरावं वर्ष. नाटकात वनवासातली राणी पाणी भरायला येते, राजाला तिचा संशय येतो आणि तो तिच्या पायाजवळचं भांडं लाथेनं उडवतो. दरवर्षी हिरामण रॉकेलचा रिकामा डबा घेऊन यायचा आणि लोक हसायचे. मनीराम म्हणाला, यंदा पितळेचा गुंड पाहिजे. गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची घागर. गावात घरोघरी होते. पाटलांकडे तर सहा होते. मनीरामनं आपल्याच घरचा आणला, भागरताला तिच्या आईनं दिलेला. ती शेतावर गेलेली असताना!

दिवेलागणीला भागरता ओल्या हातानं थेट स्टेजमागे आली.

"माहा गुंड कुठी हाय?"

मनीराम गालाला रंग लावत होता. "नाटकात हाय. रानीले पायजे."

"काऊन? रानीले तिच्या मायनं नाई देला?"

आम्हाला हसूही येईना. पाटील मध्ये पडले, "भागरताबाई, नियम हाय. वस्तू ज्याची, पुढची जागा त्याची. बसा आन् नजर ठेवा." ती पदर घट्ट घेऊन बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत जाऊन बसली. त्या दिवशी मनीरामनं भोकातून पाहिलं आणि मला काही विचारलंच नाही.

सीन आला. राजा गरजला, मागे सरला, पाय उचलला. समोर भागरता अर्धी उठलेली. मनीरामनं पाय खाली घेतला. वाकला, गुंड उचलला, आपल्या शेल्यानं चांगला पुसला आणि अलगद हिरामणच्या डोक्यावर ठेवून दिला. वर म्हणाला, "सांभाळून जा!"

हिरामणचं पुढचं वाक्य मी आतून आधीच सांगून बसलो होतो. त्यानं गुंड सावरत ते इमानानं म्हटलं, "नाथ, हा घोर अपमान मी कसा सहन करू?"

हसून हसून लोक तणसावर लोळले.

नाटक संपल्यावर मनीराम मुकुटासह बायकोसमोर उभा. "कसं वाटलं?"

तिनं गुंड कंदिलाजवळ नेला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला. म्हणाली, "पोचा नाई पडला." आणि गुंड कमरेवर घेऊन घरी गेली.

मनीराम माझ्याकडे वळला. डोळे भरले होते त्याचे, अगदी रंग ओघळेपर्यंत. "ऐकलं का मास्तर? आवडलं तिले!"

* * *

पुढच्या वर्षी मंडळानं ठरवलं, राजे-राण्या पुरे, आता सामाजिक नाटक. मनीराम बॅरिस्टर! दहा वर्षांनी विलायतेहून घरी येतो, दिवाणखान्यात उभा राहतो आणि हाक मारतो, "घरात कोणी आहे का?" तिथून नाटक सुरू.

सामानाची यादी मीच केली. पाटलांची खुर्ची, शाळेचं टेबल, दुर्गाप्रसादजींच्या मालकांकडचं घड्याळ. मनीराम यादी वाचून म्हणाला, "गुंड नाई लिहिला?"

"बॅरिस्टरकडे नळ असतो, मनीराम."

"सूप? पाटी? उखळ?"

मी मान हलवत राहिलो. त्यानं यादी घडी करून परत दिली.

दोन दिवसांनी पार्टाचा कागद द्यायला मी त्याच्या घरी गेलो. तो शेतावर होता. भागरता अंगण सारवत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "मास्तरजी, यंदा आमच्या घरचं काई नाई लागत का?"

"नाही वहिनी. शहरातलं घर आहे यंदा."

"बरं," म्हणाली आणि सारवत पुढे गेली.

मंडईचा दिवस. खड्डा भरला. मनीरामनं भोकाला डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. "दिसली का?" मी मान हलवली. तो टाय बांधून घ्यायला पलीकडच्या बाजूला गेला.

आणि माझ्या शेजारी धप्प आवाज झाला. भागरता! डोक्यावरून पाटा उतरवून तिनं माझ्या कंदिलाजवळ टाकला होता. चटणी वाटायचा, दगडी, वरवंट्यासकट.

"हे ठेवा."

"वहिनी, बॅरिस्टरच्या दिवाणखान्यात पाटा?"

"त्याच्या घरी चटनी नाई वाटत का?"

खुर्ची नीट मांडली का बघायला पाटील आत आले होते, मी त्यांच्याकडे पाहिलं. पाटलांनी भागरताकडे पाहिलं, पाट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठेवा मास्तर. मधोमध ठेवा." ती समोर जाऊन बसली.

पडदा उघडला. एका बाजूला टेबल, एका बाजूला खुर्ची, भिंतीवर घड्याळ आणि मध्ये पाटा-वरवंटा. कोट-टोपी घालून बॅरिस्टरसाहेब ऐटीत आले. दोन पावलं चालले आणि थांबले. पाट्याकडे बघितलं. मग समोर बघितलं.

मी वाक्य सांगितलं. मनीराम गप्प. मी पुन्हा सांगितलं. गप्प. दुर्गाप्रसादजी पेटीवर एकच सूर धरून बसले होते. लोक एकमेकांना दटावत होते, "चूप रे, त्याचं उभं राहनं सुरू झालं!" पण ते उभं राहणं मला माहीत होतं, आणि हे ते नव्हतं. मी तिसऱ्यांदा, चांगलं मोठ्यानं सांगितलं. त्याला ऐकू येतच नव्हतं.

तेव्हा पहिल्या रांगेतून, पदर सावरत, भागरता म्हणाली, "'घरात कोनी हाय का' म्हना नं जी!"

मनीराम म्हणाला. पुढचं वाक्य सांगायला मी तोंड उघडलं, तर तेही समोरूनच आलं. त्याच्या पुढचंही आलं. मी वही मिटली, कंदिलाची वात बारीक केली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा पाय पसरून बसलो.